झाकणाच्या आतली रिकामी ओळ

अठ्ठावीस वर्षं झाली, ही गोष्ट माझ्या तोंडातून निघाली नाही. बायकोला माहीत नाही. भावाला माहीत नाही. आमच्या मंगरूळपीरच्या दर्ग्यात लोक मनातलं बोलून येतात. मीही कितीदा गेलो — हात जोडले, तोंड बंद ठेवलं, चपला घातल्या आणि परत आलो. एका बाईला तेवढं सांगितलं, त्याला आज आठ दिवस झाले. तिच्यानंतर तुम्ही. तुम्ही मला ओळखत नाही हे बरंच आहे.

मी घड्याळजी. नाव दिनकर. बसस्टँडच्या समोर, रसवंती आणि मोबाइलचं दुकान यांच्या मधे माझी चार फुटांची जागा. आता घड्याळ कोण दुरुस्त करतं म्हणा! सेल टाकायला येतात, पट्टा बदलायला येतात. परवा एका बहाद्दरानं आजोबाचं घड्याळ आणलं आणि विचारलं, काका, याची चार्जिंगची पिन कुठं असते? मी म्हटलं, बाबू, याला चावी भरावी लागते, रोज, हातानं. तो माझ्याकडे असा पाहत राहिला की जणू मी त्याला विहिरीचं पाणी शेंदायला सांगितलं. असं चावीचं घड्याळ महिन्यातून एखादं येतं. ते आलं की मी बाकी सगळं बाजूला सारतो. कुणी हाक मारली तर डाफरतो. बायको म्हणते, तुमी घड्याळाशीच लगन लावाचं होतं.

बघा, भलतीकडेच चाललो. सांगायचं जवळ आलं की माझं असंच होतं.

हे काम मी शिकलो कामरगावला, शंकरकाकांकडे. सख्खे काका नव्हेत, पण चार वर्षं त्यांच्या समोरच्या पाटावर बसून मी त्यांचे हात पाहिले. तसे हात मी पुन्हा पाहिले नाहीत. बोलणं कमी, शिवी नाही, चिडले तर फक्त चष्मा काढून पुसायचे. त्यांनी मला दोन गोष्टी घोकून घोकून शिकवल्या, त्या दोन्ही इथं सांगाव्या लागतील, कारण माझा गुन्हा त्या दोन गोष्टींतच आहे.

पहिली — फुंकर. घड्याळाच्या आत एक बारीक चाक असतं, सारखं इकडून तिकडे डोलणारं. आम्ही त्याला बॅलन्स म्हणतो. त्याच्या दांड्याचं टोक केसाहून बारीक. ते टोक आतल्या बारीक लाल खड्याच्या भोकात नीट बसलं की मग वरची पट्टी ठेवून स्क्रू आवळायचा. काका म्हणायचे, "आवळाच्या आधी फुंकर मार. चाक हाललं त आवळ. नाही हाललं त हात मागं घे." एवढंच. लहान लेकराच्या जखमेवर मारतो तेवढी फुंकर.

दुसरी — खूण. घड्याळ ज्यानं उघडलं त्यानं मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं आपलं अक्षर कोरायचं. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही, पुढच्या घड्याळज्याला दिसतं. काका 'शं' कोरायचे. मला त्यांनी 'दि' दिलं. एकाखाली एक, ओळीनं, मधे जागा न सोडता. काम चांगलं झालं तरी कोरायचं, हातून मोडलं तरी कोरायचं. मोडलं तर मालकाला आधी सांगायचं, मग हात लावायचा. साऱ्या कामरगावला त्यांची ही रीत माहीत होती. लोक निर्धास्त घड्याळ ठेवून जायचे.

आणि काकांचे जिवलग म्हणजे गुरुजी. तिथल्याच शाळेतले मास्तर, दोघं एका पाटीवर शिकलेले. गुरुजींच्या हातात लग्नात सासऱ्यानं घातलेलं घड्याळ होतं, पांढऱ्या डायलचं, चावीचं. ते दर दोन वर्षांनी काकांच्या टेबलावर यायचं. काका ते उघडायचे, धुवायचे, तेल द्यायचे, गुरुजी समोर बसून चहा प्यायचे. त्या घड्याळाचा गावात मोठा मान. लग्नात भटजी मुहूर्ताची वेळ गुरुजींच्या मनगटाला विचारायचे. गुरुजींनी मान हलवली की शेवटची अक्षता पडायची.

मी मंगरूळपीरला दुकान टाकलं त्याला वर्ष झालं असेल. काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अमरावतीला गेले होते. इकडे गुरुजींच्या मुलीचं, सुनंदाचं, लग्न ठरलं होतं, सासर मंगरूळपीरचंच. गुरुजी याद्या-बोलणीसाठी आले आणि माझ्याकडे शिरले. घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. म्हणाले, "शंकरनंच सांगतलं, मंगरूळले आपला दिनकर हाये, त्याच्यापाशी दे म्हणे. लगनाच्या आधी साफ करून ठेव बाप्पा."

काकांनी आपल्या जिवलगाचं घड्याळ माझ्याकडे पाठवलं! माझी छाती केवढी फुगली म्हणून सांगू? शेजारच्या रसवंतीवाल्याला बोलावलं. अजून दोघं-तिघं आले. मी झाकण उघडून दाखवलं — आत एकाखाली एक आठ 'शं'. सोळा वर्षं, एकाच माणसाचा हात. मी बोलत होतो, हातानं काम करत होतो. सगळं धुऊन पुसून परत बसवत होतो. बॅलन्स ठेवला. पट्टी ठेवली. स्क्रू आवळला.

फुंकर मारली नाही.

कट् — इतका बारीक आवाज की रसवंतीवाल्याला ऐकूसुद्धा आला नाही. तो हसतच होता. मला मात्र आला. दांड्याचं टोक तुटलं होतं. वर काढायला गेलो तर चिमट्यात बालकमानी अडकली — ती केसासारखी गुंडाळलेली स्प्रिंग — आणि तिचाही गुंडाळा विस्कटला. मी सगळ्यांना म्हटलं, चला, चला, गर्दी करू नका, काम आहे.

अजून काही बिघडलं नव्हतं, हे लक्षात घ्या. मोडतं हो. काकांच्या हातूनही मोडलं होतं आणि त्यांनी सांगितलं होतं. मी काय करायला हवं होतं? गुरुजींना निरोप, अमरावतीला काकांना निरोप, तसाच जुना बॅलन्स मिळेपर्यंत थांबणं. मला लाज वाटली. काकांनी पाठवलेलं पहिलं घड्याळ आणि मी ते मोडलं, हे मला सहन होईना. मी भंगाराच्या डब्यातून दुसऱ्या एका घड्याळाचा बॅलन्स काढला. दिसायला तसाच. घासूनपुसून बसवला. चालायला लागलं! मी देवाला हात जोडले, काय सांगू.

आणि झाकण लावताना सुई हातात घेतली — आणि खाली ठेवली. नवव्या ओळीत 'दि' कोरायचं होतं, ते कोरलं नाही. का नाही कोरलं? मी स्वतःला म्हटलं, गडबडीत राहून गेलं. हे खोटं होतं. हात सुईपर्यंत गेला होता.

दुसऱ्याचा बॅलन्स दुसऱ्याच्या चाकांशी जुळत नाही. घड्याळ पुढे पळायला लागलं. लग्नाच्या दिवशी भटजींनी नेहमीसारखं गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी मान हलवली, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली — आणि मग कुणीतरी म्हणालं, गुरुजी, अजून पाव घंटा बाकी हाये ना! मांडव हसला. व्याहीही हसले. ज्यांच्या मनगटावर साऱ्या गावाची लग्नं लागली, त्यांच्या स्वतःच्या पोरीचं लग्न मुहूर्ताआधी लागलं.

दोन-तीन आठवड्यांनी गुरुजी माझ्याकडे आले. चिडलेले नव्हते. ओशाळलेले होते, जणू चूक त्यांचीच. म्हणाले, "हे पुढं पळून राह्यलं रे. काहून?"

आता ऐका. मी इथवर फिरत फिरत आलो, आता थांबत नाही.

मी झाकण उघडलं. भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ पाहत असल्याचं सोंग केलं. आणि म्हणालो, "गुरुजी, आतला बॅलन्स या घड्याळाचा नाही. कोणीतरी दुसरा टाकलेला हाये." गुरुजी म्हणाले, कोण टाकन? मी झाकण त्यांच्यापुढे धरलं, भिंग त्यांच्या हातात दिलं. "हे पाहा. आठ खुणा, आठही काकाच्या. मी नुसतं वरवर पुसून देल्लं, आत हात लावला नाही, म्हणून माही खूण नाही. काकाच्या हातून मोडलं असन. डोळ्यानं दिसत नव्हतं ना त्याइले. लाजेपायी बोलले नसतीन. आतलं तेल वाळलं, म्हणून आता पळून राह्यलं."

मी केलेलं सगळं, लाजेसकट, मी काकांच्या नावावर घातलं. शब्दसुद्धा शोधावे लागले नाहीत. माझ्याच मनात तयार होते ना ते.

गुरुजींनी भिंगातून ती आठ अक्षरं एकेक करून मोजली. मग म्हणाले, "दिसलं नाही, ठीक हाये. पन मले सांगाचं ना त्यानं." घड्याळ खिशात टाकलं आणि गेले. चहा सांगितला होता, तो तसाच राहिला.

तुम्ही म्हणाल, गुरुजींनी काकांना विचारलं का नाही? ते विचारणाऱ्यातले नव्हते. 'त्यानं आपणहून सांगावं' म्हणून वाट पाहत बसणाऱ्यातले होते. आणि हे मला माहीत होतं — खोटं बोलताना माहीत होतं.

गुरुजींनी गावात काकांची बदनामी केली नाही. मित्राची लाज राखली. कुणी घड्याळ घेऊन निघालं की हळूच म्हणायचे, शंकरले आता तरास देऊ नका, दिसत नाही त्याले. संपलं. मास्तरांचा शब्द! काका अमरावतीहून परत आले ते पहिल्यापेक्षा चांगले डोळे घेऊन आले होते, आणि त्यांच्या टेबलावर घड्याळच येईना. लोक यायचे, तब्येत विचारायचे, आराम करा म्हणायचे, सेल टाकून घ्यायचे. चावीची घड्याळं कारंज्याला जायला लागली. काही माझ्याकडे आली. मी ती घेतली. आणि गुरुजी? त्यांनी त्या रस्त्यानं जाणंच सोडलं.

मी कामरगावला जाणं कमी केलं. गेलो तरी काकांच्या नजरेला नजर देत नसे. ते विचारायचे, गुरुजी दिसला काय रे मंगरूळले? लेकीकडे येत असन ना? मी म्हणायचो, येतात, कामात असतात.

दीडेक वर्षानं गुरुजी एकदा माझ्या दुकानापाशी थांबले. मनगट पुढे केलं. म्हणाले, "वा रे पठ्ठ्या! आता मिनिटाचा फरक नाही. तुहा हात लागला न् सुधरलं." माझा हात? मी त्या घड्याळाला पुन्हा शिवलोही नव्हतो. मला काही समजेना. पण कौतुक समोरून चालून आलेलं — मी हसलो, मान खाली घातली, जणू विनयानं. एकदाही विचारलं नाही की गुरुजी, कुणी दुरुस्त केलं?

त्यानंतर थोड्याच दिवसांत काका स्वतः मंगरूळला आले. एसटीनं, मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन. दुकान बंद केलं म्हणाले. मी त्या वेळी टेबलाखाली वाकून एक स्क्रू शोधत होतो, खसखशीच्या दाण्याएवढा, अर्धा तास झाला होता. काका उंबऱ्यात उभे होते. वाकले, बोटाला थुंकी लावली, स्क्रू उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "हा घे. पायापाशीच त होता."

मग पेटी उघडली. त्यांचे चिमटे, पेचकस, सुया, त्यांचं डोळ्याचं भिंग. म्हणाले, "लोक म्हणतेत, मले दिसत नाही. तू ठेव."

मी काय केलं असेल? तेव्हा तरी बोलायचं! स्क्रू अजून माझ्या तळहातावर होता. मी पेटी घेतली. पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि जाताना एवढंच म्हणाले, "खूण टाकत जाजो बाप्पा. भुलत नोको जाऊ."

उस्तादाचा नेहमीचा उपदेश, असं मी समजलो. समजलो, की तसं समजून घेतलं? आज सांगता येत नाही. त्यांच्याच भिंगातून मी अजूनही काम करतो.

काका नंतर चौदा वर्षं जगले, घरी बसून. गेले. गुरुजी मागच्या वर्षी गेले. मला वाटलं, आता हे माझ्याबरोबरच संपेल.

गेल्या महिन्यात सुनंदाताई आल्या. त्यांच्या मुलाचं लग्न आहे. पर्समधून स्टीलची डबी काढली, डबीत रुमाल, रुमालात ते पांढऱ्या डायलचं घड्याळ. डायल पिवळी पडलेली, काच चरे पडून आंधळी झालेली, चावी फिरत नव्हती. म्हणाल्या, "बाबाचं हाये. पोराच्या हातात घालाचं हाये मांडवात. माहं लगन त मुहूर्ताच्या आधी लागलं म्हणतेत, पोराचं तरी टायमावर लागू द्या भाऊ!" आणि मोकळं हसल्या. मी हसलो की नाही, आठवत नाही.

त्या गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि झाकण उघडलं. तुम्हाला सांगतो, मी त्या आठ 'शं'ची तयारी करून बसलो होतो. पण तिथं नऊ होते.

नववा 'शं' तसाच, सुबक, एकटाकी. थरथर नाही, रेघ कुठं सुटलेली नाही. न दिसणाऱ्या माणसाचं अक्षर नव्हतं ते. आणि तो आठव्याच्या लगेच खाली नव्हता. मधे एक ओळ मोकळी होती. जन्मात कधी जागा न सोडणाऱ्या माणसानं एका अक्षरापुरती जागा सोडली होती.

आत पाहिलं. माझा भंगारातला बॅलन्स नव्हता. त्या जागी त्याच घड्याळाच्या जातीचा, नीट, बालकमानी सरळ गुंडाळलेली. कुठून मिळवला असेल त्यांनी? रसवंतीवाला दोनदा विचारून गेला, भाऊ, बरं नाही काय?

घड्याळ मी केलं. धुतलं, तेल दिलं, चावीनं भरते ती मेन कमानी बदलली, काच नवी घातली. डायल तशीच ठेवली, पिवळी. फुंकर मारली, मग स्क्रू आवळला. पाच दिवस टेबलावर ठेवून वेळ मिळवत राहिलो. झाकण मात्र लावलं नाही.

सुनंदाताई आल्या तेव्हा मी विचारलं, तुमच्या बाबांनी हे पुन्हा काकांकडे नेलं होतं का? त्या म्हणाल्या, "बाबा कायले नेतीन? आईनं नेलं होतं. बाबानं ते पेटीत टाकून देल्लं होतं न्, आईले पाहवे ना. गुपचूप घेऊन गेली कामरगावातच, काकाच्या घरी. काकानं उघडलं, पाह्यलं, ठेवून घेतलं म्हणे. आठ दिवसानं दुरुस्त करून देल्लं. अन् आईले म्हणाले, वहिनी, म्या केलं म्हून गुरुजीले सांगू नोका. मंगरूळच्या दिनकरनं केलं म्हणा. आईले वाटलं, काकाले डोळ्याची लाज वाटत असन बिचाऱ्याले."

काकांना सगळं कळलं होतं. आपण बसवलेला बॅलन्स आत नाही, आपल्यानंतर ते घड्याळ कुणाकडे गेलं, आणि कुणाची खूण तिथं नाही. दोन मिनिटांत कळलं असणार. ते कळल्यावर त्यांनी पेटी आणून मला दिली. मला उघडं का पाडलं नाही? मला माहीत नाही. त्यांच्या वतीनं मी उत्तर देणार नाही, तेवढाही हक्क मला नाही.

मी सुनंदाताईंना स्टुलावर बसायला सांगितलं. काकांच्या पेटीतली सुई घेतली. झाकण त्यांना दिसेल असं धरलं आणि त्या मोकळ्या ओळीत 'दि' कोरलं. वाकडं आलं. मग काकांच्या नवव्या अक्षराखाली या खेपेचं 'दि' कोरलं. त्या म्हणाल्या, "दोनदा कायले?"

मी सांगितलं, वरचं तेव्हाचं आहे. आणि मग सगळं सांगितलं — फुंकर, भंगाराचा डबा, भिंग त्यांच्या बाबांच्या हातात दिलं ते, शब्द न् शब्द. मधे एक गिऱ्हाईक सेलसाठी आलं, त्याला उद्या ये म्हटलं. सुनंदाताई ऐकत होत्या. झाकण लावून मी घड्याळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते रुमालात गुंडाळलं, मग परत उलगडलं आणि पाहत राहिल्या.

"काका गेले तव्हा मी माहेरीच होती," त्या म्हणाल्या. "सारं गाव मातीले गेलं. बाबा नाही गेले. ओट्यावर बसले होते. हलगी वाजली तसं मले म्हणाले, नेलं वाटते शंकरले. अन् हातातलं घड्याळ पाह्यलं."

त्या दिवशी ते घड्याळ बरोबर चालत होतं.